शेजारणीच्या मानेविषयी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सात अंगं रीतसर टेकवली आहेत. आठवं अंग म्हणजे डोकं, आणि ते कुठे, कधी, कसं टेकवायचं हे सध्या मी ठरवत नाही, मानेच्या बाई ठरवतात. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.) आम्ही इकडे ठीक आहोत. तुझी भावजय खुशाल आहे, आणि तिचा आवाज तर तिच्यापेक्षाही खुशाल आहे. तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण त्यावर तू "मला काय धाड भरलीय" हे एकच उत्तर देतेस आणि ते मला पाठ आहे.

तुझं पत्र मिळालं. एरवी तुझं पत्र म्हणजे अर्धं पान कोरं आणि उरलेल्या अर्ध्यात वेळेवर जेवत जा. या खेपेला दोन्ही बाजूंनी भरलेली पानं पाहून आधी मी घाबरलोच, कुणाचं काही झालं की काय. वाचलं तेव्हा कळलं की तुझ्या शेजारणीचं डोकं दुखतंय. तेही साधंसुधं नाही. मानेच्या वर, जिथे कवटी सुरू होते तिथून, कानामागून कळ निघते आणि डोक्यावरून सणकत डोळ्यापर्यंत जाते. कंगवा लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. बाहेर पडताना वारा लागू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधावा लागतो. आणि ती बिचारी हे कुणालाच सांगत नाही. तुला मात्र बारीकसारीक सगळं सांगते. भावाला असंच काहीसं झालं होतं असं तू तिला बोललीस म्हणे, आणि आता तिला जाणून घ्यायचंय की मी उपचाराला जातो तिथे नक्की करतात तरी काय. मान कडकन मोडतात का, सुया टोचतात का, केस मोकळे सोडायला लावतात का, आणि काम बंद करायला सांगतात का. शेवटच्या प्रश्नाखाली तू इतकी दाबून रेघ मारलीस की कागद फाटायचा राहिला. (शेजारीणही रफूचंच काम करते हे वाचून मला नवल वाटलं. एकाच मजल्यावर दोन रफूवाल्या म्हणजे तुमच्या भागातली माणसं कपडे फारच फाडतात.) तर ताई, शेजारणीसाठी सगळं सविस्तर लिहितो. तिला वाचून दाखव. ती मन लावून ऐकेल असा मला भरवसा आहे.

माझा धंदा तुला माहीत आहे, पण शेजारणीला नसेल, म्हणून सांगतो. मी चषकांवर, ढालींवर आणि पितळी पाट्यांवर नावं कोरतो. जगात जो कोणी पहिला येतो तो शेवटी माझ्या टेबलावर येतो. पोहणारे, पळणारे, बुद्धिबळवाले, वक्तृत्ववाले, झालंच तर सगळ्यांत मोठा भोपळा पिकवणारे. त्यांनी मिरवायचं आणि मी मान मोडून त्यांची नावं कोरायची. डोळ्याला भिंग, हनुवटी छातीला टेकलेली, खांदे कानांशी गप्पा मारतायत, अशा अवस्थेत माझी उमेदीची वर्षं गेली. आपल्या घरात चांगल्या माणसाची व्याख्याच ती होती, नाही का? मान खाली घालून काम करतो तो चांगला. तूही तशी, मीही तसाच. अधूनमधून ती वरसुद्धा करायची असते हे आपल्याला कुणी शिकवलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

पहिल्यांदा दुखलं तेव्हा मला वाटलं, मान धरली असेल. मग शेकलं, चोळलं, मलम लावलं, आणि ते मलम डोळ्यात गेलं. पुढे मानेला पट्टा बांधून दुकानात बसायला लागलो. त्या पट्ट्याने मान खाली वळेना, त्यामुळे मी सगळ्यांकडे वरून पाहतोय असं दिसे. समोरचा किल्ल्या बनवणारा, ज्याच्याशी माझा रोजचा चहा, तो तिसऱ्या की चौथ्या दिवशी म्हणाला की धंदा वाढला की माणसं बदलतात. त्याची समजूत काढण्यासाठी मी पट्टा सोडला. मग एक दिवस केस कापायला गेलो. न्हाव्याने नेहमीसारखा कानामागून कंगवा वर नेला आणि विजेच्या तारेवर हात पडावा तसा मी खुर्चीतून उडालो. तो बिचारा हातातली कात्री टाकून, कान कापला गेला की काय म्हणून जमिनीवर माझा कान शोधत होता. मी अर्धे केस कापलेले तसाच घरी आलो आणि टोपी घातली. टोपीही सहन होईना, म्हणून काढली. तुझ्या भावजयीने मला पाहिलं, ती आत जाऊन हसली, आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा काळजीने एवढासा झाला होता.

पण खरा घोटाळा झाला तो बुद्धिबळ मंडळाच्या चषकावर. काम नाजूक होतं, मोठ्या स्पर्धेचा चषक होता, आणि मंडळाचे चिटणीस शेजारीच उभे राहून मी कोरतोय ते पाहत होते. (कोरताना कुणी पाहत उभं राहिलं की मला खपत नाही, पण बुद्धिबळवाल्यांना तासन्तास एका जागी बघत राहण्याची सवयच असते.) नाव जवळजवळ पुरं होत आलं होतं. तेवढ्यात कळ आली आणि हात उडाला. विजेत्याच्या नावावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी सरळ, खोल आणि स्वच्छ रेघ गेली, की मंडळाने सभा घेऊन त्याचं नाव खोडलं असं कुणालाही वाटावं. रेघ मात्र अप्रतिम होती. इतकी सरळ रेघ मला ठरवून कधी जमली नव्हती. चिटणीसांनी ती बराच वेळ पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "विजेता स्वभावाने हळवा आहे हो." चषक मी माझ्या खर्चाने नवा करून दिला. तेवढ्यावर भागलं असतं, पण त्या दिवसापासून कोरणी हातात घेतली की हात कापायला लागला. आता येईल, आता येईल, असं वाटत राही, आणि वाट पाहिली की ती यायचीच. मग मी कोरायचं सोडून नुसती पॉलिश करत बसू लागलो. येणाऱ्या कामाला आज नाही, उद्या बघू, असं सांगू लागलो. दुकान उघडं आणि धंदा बंद, असा तो प्रकार होता.

आता हसण्यासारखं नाही ते लिहितो, आणि हा भाग शेजारणीला जरा सावकाश वाचून दाखव. मला वाटलं होतं की माझ्या डोक्यात काहीतरी वाढतंय. हे मी कुणालाही सांगितलं नाही. कशी आहे तब्येत म्हटलं की मला काय धाड भरलीय (हे आपलं घराण्यातलं उत्तर), आणि मनातल्या मनात माझी निरवानिरव चाललेली. कुठल्या खणात काय आहे ते तुझ्या भावजयीला दाखवून ठेवलं. दुकानाची दुसरी किल्ली तिच्याकडे दिली. एक दिवस उगाचच तिच्या स्वयंपाकाची तारीफ केली. त्या तारिफेने तिला संशय आला. तिला वाटलं मी घर सोडून कुठेतरी निघून जाणार आहे. तिने मला खुर्चीत बसवलं, दार लावलं आणि उलटतपासणी सुरू केली, आणि ताई, मी सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की कळेपेक्षा ही भीतीच मला जास्त थकवत होती. कळ येते आणि जाते. भीती मात्र सकाळी दात घासायलाही बरोबर येते.

तिने मला धरून नेलं ते थेट मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे. तिथे हातोडीने गुडघे ठोकून झाले, डोळ्यांपुढे बोटं नाचवून झाली, यंत्राच्या बोगद्यात झोपवून फोटोही काढून झाले. फोटो उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले, "डोक्यात काही नाही." तुझी भावजय म्हणाली, "ते मला लग्नापासून माहीत आहे, मानेचं बोला." डॉक्टर हसले. मी हसलो नाही. मी तिथे खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडलो, आणि डॉक्टरांनी कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला, म्हणजे तिथे रडणारा मी पहिलाच नसणार. मग त्यांनी समजावून सांगितलं की मानेच्या वरच्या टोकाला, स्नायूंच्या मधून वाट काढत, एक नस डोक्यावर जाते. वर्षानुवर्षं मान वाकवून वाकवून ते स्नायू कडक झालेत आणि नस त्यांच्यात घासली जातेय. शेजारणीला तिच्या भाषेत सांग, जाड कापडातून बारीक दोरा सारखा ओढला की तो पिंजतो, तसं. काही दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि बाकीचं काम व्यायामाचं म्हणून बाईंकडे पाठवलं. तिला हेही सांग की माझं जे निघालं तेच तिचं असेल असं नाही. आधी डॉक्टरांनी बघायला हवं. पण बघितल्याशिवाय स्वतःच्या मनाने जे काही ती ठरवून बसली असेल, ते बहुतेक खऱ्यापेक्षा वाईट असणार, एवढं मी अनुभवाने सांगतो.

तर आता मानेच्या बाई. चपलांच्या दुकानावर जिना चढून गेलं की त्यांची खोली. खाटा, मधे पडदे, एक मोठा आरसा आणि भिंतीवर कातडी नसलेल्या माणसाचं चित्र, ज्याच्याकडे पाहून आपलं त्यातल्या त्यात बरं चाललंय असं वाटतं. बाई वयाने आपल्या मुलीएवढ्या, आवाज इतका मऊ की हुकूम सोडला हे आपण तो पाळून झाल्यावर कळतं. खाटेला डोक्याकडे एक भोक असतं. पालथं झोपून त्यात तोंड घालायचं. (तोंड घालायला भोक ठेवण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला मी फुकट पाटी कोरून देईन.) तिथून जमिनीशिवाय काही दिसत नाही, म्हणून बाईंच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या बुटांशीच माझी ओळख जास्त. एकदा मी त्या भोकातून बुटांना माझी सगळी कर्मकहाणी सांगितली. चषक, चिटणीस, न्हावी, भीती, सगळं. मधेमधे "अरेरे" असं यायचं ते जरा जाड आवाजात येत होतं, पण मला वाटलं बाईंना सर्दी झाली असेल. सांगून झाल्यावर मान वर केली तर बाई केव्हाच पलीकडच्या खाटेकडे गेल्या होत्या आणि ते बूट दिवा बदलायला आलेल्या वीजवाल्याचे होते. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "होईल बरं, काका." मला खरंच बरं वाटलं.

शेजारणीच्या प्रश्नांची उत्तरं. मान कडकन मोडत नाहीत. निदान माझी मोडली नाही. मी पहिल्या दिवशी दात आवळून त्या आवाजाची वाट पाहत पडलो होतो. बाई डोक्याशी स्टुलावर बसल्या, दोन्ही हातांची बोटं कवटीच्या कडेखाली ठेवली आणि नुसत्या थांबल्या. मला वाटलं काहीतरी विसरल्या. मग हळूहळू ध्यानात आलं की माझं डोकं त्यांच्या हातांवर आहे आणि ते मी अजून सोडलेलंच नाही, मी ते स्वतःच उचलून धरलंय. "सोडा, काका," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, सोडलंय. त्या म्हणाल्या, नाही सोडलेलं. बराच वेळ असं झाल्यावर एकदम ते सुटलं, आणि त्यानंतरचं मला आठवत नाही, कारण मी घोरत होतो. सुया टोचत नाहीत. केस मोकळे सोडावे लागतात, पण केसांना हात लावण्याआधी बाई विचारतात, आणि इथे नको म्हटलं की तिथे लावत नाहीत. नुसत्या कंगव्याने एवढं दुखतं का, असं त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही. शेजारणीला हे मुद्दाम सांग. दुखण्यापेक्षा माणूस त्या वाक्याला जास्त घाबरतो.

व्यायाम दिसायला अगदी पोरखेळ. हनुवटी सरळ मागे घ्यायची, जणू समोरून कुणीतरी न आवडणारा पापा घ्यायला येतोय. खांदे खाली सोडायचे. (बाई म्हणाल्या, खांदे कानांपासून लांब न्या. मी विचारलं, म्हणजे ते तिथले नसतात?) भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, डोक्यामागे टॉवेलची घडी, आणि ती घडी हळूच दाबायची. दर थोड्या वेळाने करायचं म्हणून मी दुकानातही करतो. एका संस्थेचे गृहस्थ आपल्या संस्थेचं नाव मला सांगत होते आणि नेमकी तेव्हाच माझी हनुवटी मागे गेली. त्यांनी विचारलं, फार लांबलं का? माझी हनुवटी अजून मागेच. त्यांनी नावातलं 'अखिल' काढून टाकलं. मी हनुवटी सोडून पुन्हा मागे घेतली, कारण ती पुन्हा घ्यायची असते, तर त्यांनी 'संयुक्त' पण काढलं. आता ती संस्था बरीच आटोपशीर झाली आहे आणि मला वाटतं सुखी असेल.

एवढ्यावर थांबलो असतो तर हे पत्र इतकं लांबलं नसतं. पण बाईंनी मला दिवा दिला. डोक्याला पट्ट्याने बांधायचा छोटा दिवा, त्यातून भिंतीवर एक लाल ठिपका पडतो. भिंतीवर कागद लावायचा, कागदावर आडवा पडलेला इंग्रजी आठचा आकडा, आणि मान हळूहळू फिरवत त्या ठिपक्याने तो आकडा गिरवायचा. दुखण्याने मान आपला अंदाज विसरते म्हणे, तो अशाने परत येतो. आता बाईंनी हाताने काढलेला तो आठ. ताई, काय सांगू, एक पोट मोठं, एक लहान, आणि मधला छेद भलतीकडेच. असल्या आकड्यावरून मी मान फिरवणार? घरी येऊन मी कंपासने नवा आठ काढला, पितळी पाटीसाठी काढतो तसा, जाड-बारीक रेषांचा. तो गिरवला. छान गिरवला. मग मला वाटलं, आठ काय, कुणीही काढेल. मी समोरच्या कोऱ्या भिंतीवर, कपाळाने, 'प्रथम पारितोषिक' असं लिहायला घेतलं. 'प्रथम' उत्तम झालं. 'पारितोषिक'मधल्या दोन वेलांट्यांनी घात केला. पहिली वेलांटी काढताना मान वर डावीकडे गेली, दुसरी काढताना तिथेच राहिली. तुझी भावजय बाजारातून आली तेव्हा मी छताच्या कोपऱ्याकडे तोंड करून पुतळ्यासारखा उभा आणि कोपऱ्यात लाल ठिपका थरथरतोय. तिने आधी कोपऱ्यात पाल शोधली. मग मला पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि जे काही बोलली ते शेजारणीपुढे वाचण्यासारखं नाही.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. कळा पहिल्यासारख्या, पहिल्यापेक्षा जास्त. सगळं मुसळ केरात गेलं असं वाटून मी बाईंसमोर जाऊन उभा राहिलो आणि खरं ते सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "कोणत्या वळणाचं अक्षर काढत होतात?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, इथे पहिला नंबर नसतो. वाईट काढा. वाकडा काढा. थोडासाच काढा, आणि दुखायच्या आधी थांबा." ताई, आयुष्यात इतकं अवघड काम मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्याने कधी रेघ वाकडी जाऊ दिली नाही त्याने कपाळाने मुद्दाम वाकडा आठ काढायचा, आणि अर्ध्यात सोडून चहा प्यायला जायचं! पण काढला. असा घाणेरडा आठ काढला की बाई खूश झाल्या. शेजारणीलाही हे जड जाणार. रफू दिसता कामा नये यात जिची हयात गेली, तिला थोडं वाईट करा असं सांगणाऱ्या बाईंचा राग येईल. येऊ दे. राग येत असताना खांदे मात्र खाली ठेवायचे.

आणि आता त्या रेघ मारलेल्या प्रश्नाचं उत्तर. काम बंद करायला सांगत नाहीत. काम उंचावर आणायला सांगतात. मी टेबलाला खालून ठोकळे लावले, वर तिरकी फळी बसवली, आणि चषक आता माझ्या छातीसमोर येतो, मी त्याच्या पायाशी जात नाही. मधेमधे उठायचं म्हणून स्वयंपाकघरातलं वाजणारं घड्याळ दुकानात आणलं. ते वाजलं की गिऱ्हाइकं विचारतात काय शिजलं, आणि घरी ते नसल्यामुळे दूध उतू जातं. पण मी पुन्हा कोरतोय, ताई. पूर्वीपेक्षा सावकाश, पण कोरतोय. हात कापत नाही. पूर्ण बरा झालोय असं म्हणवत नाही. कळ अजून येते, कधी गार वाऱ्याने, कधी उगाचच, पण ती आली की आता मी मरत नाही, मी खांदे खाली सोडतो आणि ती जाईपर्यंत थांबतो. परवा न्हाव्याकडे गेलो. त्याने कंगवा उचलला आणि आधी स्वतःच दोन पावलं मागे सरला. मी म्हटलं, ये. तो आला, आणि कंगवा कानामागून वर गेला, आणि काही झालं नाही. आरशात आम्ही दोघेही बघत होतो आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

शेजारणीला सांगण्यासारखं एवढंच. कळावे. लोभ असावा असं लिहीत नाही, तो तू न सांगताच करतेस. त्यातला थोडा या खेपेला स्वतःवर कर.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र घडी घालून ठेवलं होतं, ते पुन्हा उघडलं. ताई, मी तुझ्याकडे राहून गेलो आहे. तुझ्या दाराच्या एका बाजूला जिना आहे आणि दुसऱ्या बाजूला फर्निचरवाल्याचं गोदाम आहे. गोदामात कपाटं आहेत, खुर्च्या आहेत, मोडका सोफा आहे. शेजारीण नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा तू आलीस, हिच्या बाळंतपणात आलीस, आत्याचा पाय मोडला तेव्हा आलीस. तुझ्या आजारपणात कुणी आलं नाही, कारण ते झालेलं कुणाला कळलंच नाही. फाटलेलं दिसू न देण्यात तुझा हात कुणी धरणार नाही, पण म्हणून ते फाटलेलं नसतं असं नाही. तुझं पत्र वाचल्यापासून मला चैन नाही. तू एकटी तिथे डोक्याला रुमाल बांधून, मनात नको ते आणत सुई ओवतेयस हे मला सहन होत नाही. निघून ये.

आणखी ता. क. डॉक्टरांची वेळ आधी घेतली आहे, त्यानंतर बाईंची. तारखा मागच्या पानाच्या कडेला आहेत. बाईंनी नाव विचारलं तेव्हा मी 'ताईची शेजारीण' असं सांगितलं, कारण तुझं नाव तुला न विचारता द्यायची माझी अजून हिंमत होत नाही. शेजारणीला जमत नसेल तर तिच्या जागी तू गेलीस तरी चालेल, असं बाईंनी कळवलं आहे. रागवायचं असलं तर इथे येऊन रागव. पत्रातून रागावलीस तर ते मान खाली घालून लिहावं लागेल, आणि ते आपल्या दोघांनाही मना आहे.

वन्संना नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली माझ्या चार ओळी. यांनी व्यायामाचं एवढं रंगवून लिहिलंय, पण मी ओरडल्याशिवाय हल्ली एकही करत नाहीत. बाईंना भीत नाहीत, मला भीत नाहीत, तुम्हालाच काय ते भितात. तेव्हा तुम्ही यांच्यासाठीच आलात असं सगळ्यांना सांगा. मीही तसंच सांगेन, म्हणजे तुम्हाला यायला अवघड वाटणार नाही. मागच्या खोलीतला पलंग रिकामा केलाय, तिथे वारा येत नाही आणि तुमच्या कामाला उजेड भरपूर आहे. बाई म्हणतात की मानेचं दुखणं असलं की उशी ज्याच्या त्याच्या खांद्याच्या मापाची लागते, म्हणून एक शिवून ठेवली आहे. शेजारणीचं माप माझ्याकडे नव्हतं, तुमच्या मापाची शिवली.